डिसेंबरचे जादा तास कोणाचे? यूपीएसमधल्या पार्ट-टाइमरचं प्रकरण

पहाटे चारच्या आसपास शिफ्ट सुरू होते. बेल्टवरून खोकी येत राहतात, प्रत्येक खोक्यावर एक छोटं लेबल, त्यावर ते कुठल्या गाडीत जायचं आणि गाडीतल्या कुठल्या फळीवर ठेवायचं याचा नंबर, फळ्या १००० पासून ८००० पर्यंत, आणि एका माणसाच्या वाट्याला अशा तीन-चार गाड्या. साडेआठ-नऊ वाजेपर्यंत गाड्या भरून होतात, मग ड्रायव्हर येतात, गाड्या रांगेने बाहेर पडतात, आणि ज्याने त्या भरल्या तो जॅकेट चढवून घरी जातो. हातात चार-साडेचार तासांची मजुरी. यूपीएस या अमेरिकन पार्सल कंपनीत या कामाला प्रीलोड म्हणतात आणि हे काम करणारा जवळजवळ नेहमी पार्ट-टाइमर असतो.

आता नोव्हेंबर संपत आलाय असं धरा. त्याच बिल्डिंगमध्ये माल इतका वाढलाय की कंपनीच्या तपकिरी गाड्या पुरत नाहीयेत. म्हणजे काम आहे, भरपूर आहे, आणि आपल्या प्रीलोडरला तेच हवंय, कारण वर्षभर तो चार तासांवर काढतो आणि नाताळच्या चार-पाच आठवड्यांतच काय ती वरकमाई होऊ शकते. पण नऊ वाजता तो पार्किंगमधून जात असतो तेव्हा समोर एक नवा माणूस स्वतःच्या साध्या चारचाकीच्या मागच्या सीटवर खोकी रचत असतो, अंगावर कंपनीचं जॅकेट, कामाला लागून आठवडा झालेला. तो दिवसभर डिलिव्हरी करणार आणि आपला माणूस घरी जाणार. प्रकरण म्हणतोय ते हेच. आणि त्यातली खरी गोम अशी की हे युनियन नसलेल्या ठिकाणी घडत नव्हतं, अमेरिकेतल्या खाजगी क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या युनियन कॉन्ट्रॅक्टखाली, म्हणजे कंपनी आणि युनियनमधल्या कराराखाली, घडत होतं.

थोडी पार्श्वभूमी सांगायलाच हवी. यूपीएसमध्ये टीमस्टर्स युनियनचे साधारण ३,४०,००० सभासद, त्यातले निम्म्याहून बरेच जास्त पार्ट-टाइम. बाहेरच्याला यूपीएस म्हटलं की तपकिरी गाडीवाला ड्रायव्हर आठवतो, पण बहुसंख्य माणसं आत असतात, लोडिंग, अनलोडिंग, सॉर्टिंगला. शिवाय पार्ट-टाइम एअर ड्रायव्हर असतात, ते सकाळी तातडीची पाकिटं आणि खोकी पोचवतात. पार्ट-टाइमरला कॉन्ट्रॅक्टप्रमाणे दिवसाला साडेतीन तासांची हमी, त्यापेक्षा जास्त काम मिळालं तर मिळालं. आतल्या कामाला पाच तासांच्या वर गेलं की ओव्हरटाइम. आणि आरोग्य विमा, ज्याचा हप्ता पगारातून कापत नाहीत. अमेरिकेत घरात कोणी आजारी असेल तर या विम्याची किंमत काय ते वेगळं सांगायला नको, कित्येक लोक केवळ त्यासाठी पहाटे तीनला उठून वर्षानुवर्षं टिकून राहतात आणि बाकीचा संसार दुसऱ्या नोकरीवर चालवतात.

हा पार्ट-टाइमचा डोलारा एका दिवसात उभा राहिलेला नाही. १९८२ च्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पार्ट-टाइमरचा सुरुवातीचा दर खाली आणून ८ डॉलर केला आणि तो पुढची १५ वर्षं तिथेच राहिला. १५ वर्षं! महागाई वाढली, भाडी वाढली, दर तोच. त्या रागातूनच १९९७ चा संप झाला, ४ ऑगस्टपासून १५ दिवस, १,८५,००० माणसं बाहेर, रॉन कॅरी तेव्हा युनियनचे अध्यक्ष, आणि घोषणेचा अर्थ असा की अर्धवेळ अमेरिका चालणार नाही. लोकांनी त्या संपाला मनापासून पाठिंबा दिला कारण घराघरात कोणी ना कोणी अर्धवेळ नोकरीत अडकलेलं होतं. संपातून १०,००० नव्या फुल-टाइम जागांचं आश्वासन मिळालं, पार्ट-टाइमचा सुरुवातीचा दर मात्र फक्त ५० सेंटने वाढला. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण तेव्हापासूनच युनियनची नजर फुल-टाइम जागांवर राहिली आणि जो माणूस पार्ट-टाइमच राहणार आहे त्याचे रोजचे तास कोण देणार, कोण काढून घेणार, हा प्रश्न मागे पडत गेला.

१९८२ म्हटलं की आपल्याकडे गिरणी संप आठवतो, १८ जानेवारीला सुरू झालेला, डॉ. दत्ता सामंतांचा. त्यातली एक मागणी बदली कामगारांना कायम करा ही होती. बदलीवाल्याकडे कार्ड असायचं, रोज गेटवर यायचं, कायम माणूस आला नाही तर त्याच्या साच्यावर काम. त्या कार्डाचा अर्थच हा की जादाचं काम निघालं तर आधी नंबर आमचा, मग बाहेरच्याचा. यूपीएसचा पार्ट-टाइमर बदलीवाला नाही, त्याची नोकरी कायम आहे, पण मागणी तीच आहे, आधी नंबर आमचा.

आता मधल्या काळात काय बदललं ते बघू. ऑनलाइन खरेदी वाढली तसा नाताळचा हंगाम फुगत गेला, कंपनी दर वर्षी एक लाखाच्या वर हंगामी माणसं घ्यायला लागली, लोडर, गाडीवर ड्रायव्हरसोबत बसणारे हेल्पर, आणि गेल्या दशकाच्या शेवटाकडे एक नवा प्रकार आला, स्वतःच्या गाडीने डिलिव्हरी करणारे हंगामी ड्रायव्हर. कंपनीच्या बाजूने बघितलं तर सोय किती आहे बघा. तपकिरी गाडी विकत घ्यायला नको, ती ११ महिने उभी ठेवायला नको, माणसाला तासाचे पैसे आणि मैलामागे थोडा भत्ता दिला की झालं. हंगामाच्या काळातलं काम सीनियॉरिटीत धरलं जात नाही, त्यामुळे जानेवारीत निरोप दिला की मागे काही दावा उरत नाही. उलट जुन्या पार्ट-टाइमरला तेच काम दिलं तर त्याचा दर, त्याची सीनियॉरिटी, त्याचा ओव्हरटाइम, आणि उद्या तो विचारणार की एवढं काम होतं तर फुल-टाइम जागा का काढत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. हंगामी माणूस तासाला स्वस्त पडतो की नाही हे दुय्यम आहे, तो पुरावा मागे ठेवत नाही हे त्याचं खरं मोल.

आणि पार्ट-टाइमरने तक्रार करायची तर कशावर करायची? हंगामी माणसं घ्यायची परवानगी कॉन्ट्रॅक्टमध्येच होती. राष्ट्रीय कॉन्ट्रॅक्टच्या खाली प्रांताप्रांताची ४० च्या वर सप्लिमेंट आणि रायडर, म्हणजे जोडकरार, आहेत, कुठे हंगामाचा काळ कधी सुरू होतो, कुठे जादा काम आधी कोणाला विचारायचं, हे सगळं वेगवेगळं. शॉप स्टुअर्डकडे, म्हणजे बिल्डिंगमधल्या युनियनच्या प्रतिनिधीकडे, गेलं तर तो आधी कॉन्ट्रॅक्टचं पुस्तक उघडून बघणार की कलम मोडलंय का. मोडलं असेल तर ग्रीव्हन्स, म्हणजे लेखी तक्रार, लिहिता येते, सुपरवायझरपुढे बैठक होते, मिटलं नाही तर लोकलकडे, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेकडे, मग कंपनी आणि युनियनच्या पॅनेलकडे, तोवर मार्च उजाडलेला असतो आणि डिसेंबरचे तास परत येत नाहीत. फार तर पैसे येतात, तेही जिंकलात तर. आणि मोडलेलंच नसेल तर काय लिहिणार? "माझ्यावर अन्याय होतोय" या वाक्याला कलम नंबर लागतो.

इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. त्याच बिल्डिंगमध्ये, त्याच आठवड्यात, फुल-टाइम ड्रायव्हर तास कमी करा म्हणून भांडत असतो. डिसेंबरमध्ये त्याला १२-१२ तास गाडीवर काढावे लागतात. फेडरल नियमाने व्यावसायिक ड्रायव्हरला ७ दिवसांत ६० किंवा ८ दिवसांत ७० तासांची मर्यादा आहे, आणि हंगामात ती मर्यादा गाठायची वेळ येते. साडेनऊ तासांच्या वर काम नको म्हणणाऱ्यांची वेगळी यादी असते, तिला साडेनऊची लिस्टच म्हणतात. त्यामुळे हंगामी माणूस गाडीने मदतीला आला तर फुल-टाइम ड्रायव्हरला निदान रात्री नऊच्या आत घरी जाता येतं, त्याच्या दृष्टीने ते वाईट नाही. म्हणजे एकाला तासांनी मारलंय आणि दुसरा तासांवाचून उपाशी, दोघांचं युनियन कार्ड एकच, आणि मधली जागा भरायला कंपनी बाहेरून तिसरा आणते. दोघांचं दुखणं एकाच उपायाने बरं होण्यासारखं होतं, जादाचे तास आतल्या पार्ट-टाइमरला द्या, पण तो उपाय टेबलावर यायला फार वर्षं गेली.

२०१८ चं कॉन्ट्रॅक्ट तर उलट दिशेला गेलं. त्यात २२.४ नावाचा ड्रायव्हरचा नवा वर्ग आला, कलमाच्या नंबरावरून पडलेलं नाव, ड्रायव्हिंग तेच पण दर कमी. मतदानात ५४ टक्के सभासदांनी ते नाकारलं. तरीही लागू झालं! कारण युनियनच्या घटनेत तेव्हा नियम होता की निम्म्याहून कमी लोकांनी मतदान केलं असेल तर नाकारायला दोन तृतीयांश मतं लागतात. बहुमताने नको म्हटलेलं कॉन्ट्रॅक्ट पाच वर्षं अंगावर वागवायचं म्हणजे काय वाटत असेल याचा विचार करा. तो राग साठत गेला, २०२१ च्या अधिवेशनात तो नियम काढून टाकला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शॉन ओब्रायन युनियनच्या अध्यक्षपदी निवडून आले. मध्ये कोविड येऊन गेला होता, सगळं जग घरात बसलेलं असताना हीच माणसं बिल्डिंगमध्ये खोकी भरत होती, आणि पार्ट-टाइमचा सुरुवातीचा दर १५.५० डॉलरच्या पुढे कॉन्ट्रॅक्टमध्ये गेला नव्हता.

मग २०२३ चा उन्हाळा. जूनमध्ये संपाच्या अधिकारासाठी ९७ टक्के होकार, ५ जुलैला बोलणी फिसकटली, आणि फिसकटली ती मुख्यतः पार्ट-टाइमच्या पैशांवर. जुनं कॉन्ट्रॅक्ट ३१ जुलैला संपणार होतं. बिल्डिंगच्या बाहेर सरावाच्या पिकेट लाइन, म्हणजे संपातल्यासारखी निदर्शनं, सुरू झाल्या. २५ जुलैला तडजोड झाली, २२ ऑगस्टला ८६.३ टक्के मतांनी मंजूर. २२.४ चा वर्ग गेला, सुट्टीच्या दिवशी सक्तीचा ओव्हरटाइम गेला, पार्ट-टाइमरला लगेच किमान २१ डॉलर, ७,५०० नव्या फुल-टाइम जागा. बातम्यांमध्ये हेच आलं, शिवाय गाड्यांमधला एसी आणि फुल-टाइम ड्रायव्हरचा सगळ्यात वरचा दर कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी सरासरी ४९ डॉलर होणार हे.

आपल्या प्रकरणाचं कलम मात्र फार कोणी दाखवलं नाही. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, स्वतःच्या गाडीने करायचं हंगामी डिलिव्हरीचं सगळं काम आधी युनियनमधल्या पार्ट-टाइमरला, आणि त्याला आठ तासांची हमी. दोन, हे हंगामी काम नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या पाच आठवड्यांपुरतंच. म्हणजे कोणाचे तास याचं उत्तर पहिल्यांदा राष्ट्रीय पातळीवर कागदावर आलं.

याची किंमत किती, ते नुसत्या आकड्यात बघा. समजा एक प्रीलोडर, दर २१ डॉलर, दिवसाला ४ तास, आठवड्याचे ५ दिवस. आठवड्याला ४२० डॉलर, पाच आठवड्यांचे २,१००. तोच माणूस आठ तासांच्या हमीवर त्याच दराने पाच आठवडे गाडी चालवायला गेला तर आठवड्याला ८४०, पाच आठवड्यांचे ४,२००. कर कापायच्या आधीचा हिशोब आहे आणि ओव्हरटाइम धरलेला नाही. फरक २,१०० डॉलरचा. वर्षभर चार तासांवर काढणाऱ्या घरात हे नाताळातलं शॉपिंग नसतं, थकलेलं भाडं असतं, गाडीचे टायर असतात, मुलाच्या दाताचं बिल असतं. कोणी म्हणेल पाच आठवड्यांसाठी एवढं काय, तर एवढं आहे.

पण कलम आलं म्हणजे तास आले असं नाही, आणि इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पहिली अडचण गाडीची. हक्क मिळाला तो स्वतःच्या गाडीने काम करायचा. ज्याच्याकडे चालू स्थितीतली गाडी नाही, जो पहाटे तीनला कोणाच्या तरी गाडीत अर्ध्या खर्चाने येतो, त्याच्यासाठी हा हक्क कागदावरच. आणि तास ज्याला सगळ्यात जास्त हवेत त्याच्याकडेच गाडी नसण्याची शक्यता जास्त, हे उघड आहे. गाडी असली तरी दिवसाला शंभरेक वेळा चालू-बंद, थंडीत दार उघड-मीट, ब्रेकची झीज, आणि सामान वाहून नेताना अपघात झाला तर घरगुती विमा कंपनी काय म्हणेल हा प्रश्न. मैलाच्या भत्त्यात हे सगळं बसतं का, ज्याने त्याने बसून मांडलं पाहिजे. कंपनीची गाडी वापरायचा हक्क मागायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे, खर्च माणसाच्या गळ्यात टाकून दिलेला हक्क अर्धा असतो.

दुसरी अडचण वेळेची. पहाटेचा प्रीलोड त्या काळात लांबतो, आतही माणूस कमीच असतो. सुपरवायझर म्हणू शकतो, तू बाहेर गेलास तर तुझ्या तीन गाड्या कोण भरणार? आणि नव्याला गाड्या भरायला शिकवण्यापेक्षा नव्याच्या हातात स्कॅनर देऊन बाहेर पाठवणं त्याला सोपं वाटतं, कारण प्रीलोड चुकला तर दिवसभर ड्रायव्हर बोंबलतात. म्हणजे जो आपलं काम नीट करतो त्यालाच आत अडकवून ठेवायचं कारण तयार होतं.

तिसरी, माहितीची. प्राधान्य म्हणजे आपोआप नाव लागणं नव्हे. कोणी विचारलं का, कधी विचारलं, यादी भिंतीवर लावली का, नाव द्यायची शेवटची तारीख कुठली, लायसन्सची पडताळणी आणि ट्रेनिंग कधी, हे सगळं हंगाम सुरू व्हायच्या आधी व्हावं लागतं. ज्या बिल्डिंगमध्ये स्टुअर्ड जागा आहे तिथे ऑक्टोबरमध्येच कागद फिरेल. जिथे पहाटेच्या शिफ्टला स्टुअर्डच नाही, जिथे निम्मी माणसं वर्षभरात बदलतात आणि पुस्तकातली इंग्रजी भाषा वाचायलाच अवघड आहे, तिथे "कोणी इच्छा दाखवली नाही" असं म्हणून बाहेरची भरती करणं फार सोपं आहे. इच्छा दाखवायला कागद तर समोर यायला हवा ना.

आणि हंगामी माणसाबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण या भांडणात सगळा राग त्याच्यावर निघतो. तो कोण असतो? कॉलेजचा विद्यार्थी, निवृत्त माणूस, दुसरीकडची नोकरी गेलेला, उद्या इथेच कायम होईन या आशेने थंडीत पळणारा. कंपनीही भरतीच्या वेळी हेच सांगते की आमच्याकडे अनेकांनी सुरुवात हंगामी म्हणूनच केली, आणि ते खरं आहे. आजचा चिडलेला प्रीलोडर पाच वर्षांपूर्वी स्वतः डिसेंबरमध्ये हेल्पर म्हणून आलेला असू शकतो. त्याने कोणाचे तास पळवले नाहीत, त्याला कोणी सांगितलंही नसतं की हे तास आधी दुसऱ्या कोणाला विचारायचे असतात. त्याच्याशी पार्किंगमध्ये वाकडं वागून काही मिळत नाही, उलट तोच पुढे कायम झाला की युनियनबद्दल त्याच्या मनात पहिली आठवण ती राहते.

२०२३ नंतर चित्र आणखी एका बाजूने बदललं. मालच कमी व्हायला लागला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ॲमेझॉनचा माल २०२६ च्या उत्तरार्धापर्यंत निम्म्याहून जास्त कमी करणार. एप्रिलमध्ये २०,००० नोकऱ्या कमी करण्याचं आणि ७३ बिल्डिंग बंद करण्याचं जाहीर झालं, पुढे ऑक्टोबरमध्ये आकडे आणखी वाढले. जिथे यंत्रं खोकी वाचून वळवतात तिथे सॉर्टला माणसं कमी लागतात. अशा वेळी साडेतीन तासांची हमी ही कमाल मर्यादा होऊन बसते, दर २१ च्या वर गेला पण तास साडेचारचे साडेतीन झाले तर वाढीचा मोठा भाग तिथेच परत जातो. साडेचार तासांचे २१ ने ९४.५० डॉलर, साडेतीनचे ७३.५०. तासाला सहा डॉलर वाढले तरच ती भरपाई होते. म्हणून दराच्या वाढीवर आनंद करताना तासांचा कागद बाजूला ठेवू नये असं मी कळकळीने सांगतोय, पगार म्हणजे दर गुणिले तास, आणि कंपनीच्या हातात दुसरा आकडा राहिला तर पहिला कितीही भांडून आणा.

पाच आठवड्यांच्या कलमाचंही तसंच. ते हंगामी कामाला आवर घालतं हे चांगलंच, पण काम घटत असताना कंपनी त्या पाच आठवड्यांत स्वतःच्या गाडीवाले कमी करून बाकी ताण आधीपासूनच्याच ड्रायव्हरांवर टाकू शकते, तेव्हा पार्ट-टाइमरला प्राधान्य आहे पण प्राधान्य द्यायला कामच नाही अशी गत. याला उत्तर हंगामी कलमात सापडणार नाही, त्यासाठी पार्ट-टाइमची हमी साडेतीनवरून वर न्यावी लागेल आणि आतल्या दोन अर्धवेळ शिफ्ट जोडून एक पूर्णवेळ जागा करायची जुनी मागणी, १९९७ ची, पुन्हा धरावी लागेल.

हे कॉन्ट्रॅक्ट ३१ जुलै २०२८ पर्यंत आहे, म्हणजे त्यात पाच नाताळ बसतात, शेवटचा २०२७ चा. पुढच्या बोलणीत टेबलावर ठेवायला आकडे लागतील, आणि ते आकडे दुसरं कोणी जमवून देणार नाही. कोणाला विचारलं, कोणाला नाही, कुठल्या तारखेला यादी लागली, कुठल्या तारखेला बाहेरचा माणूस कामावर आला, आपण नाव दिलं तेव्हा साक्षीला कोण होतं. खिशातली छोटी वही आणि फोनमधला भिंतीवरच्या यादीचा फोटो, तारखेसकट, एवढं पुरतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शिफ्ट संपल्यावर लगेच घरी न जाता दहा मिनिटं थांबून स्टुअर्डला विचारायचं की हंगामाची यादी कुठे आहे, आणि यादी नसेल तर ती कधी लागणार ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं.